मुंबईची १५०० व्होल्ट डीसी: का आली, कशी वाढली, का गेली

प्रश्न विद्युत अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: मुंबईच्या लोकल १९२५ पासून आणि दोन्ही घाटांतल्या गाड्या १९२९-३० पासून १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, चालत होत्या. बाकी देशाने पुढे २५,००० व्होल्ट एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज, घेतली. मग मुंबईनेच डीसी इतकी वर्षं का धरून ठेवली, शेवटी ती का सोडली, आणि मुळात पहिली निवडच चुकली होती का?

मी कर्षण वितरणात, म्हणजे डोक्यावरची तार आणि सबस्टेशनं सांभाळणाऱ्या विभागात, तीस वर्षांहून अधिक नोकरी केली. डीसीत शिकलो, आणि डीसीची तार उतरताना कामावर होतो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. निवड चुकली नव्हती. विजेच्या गाडीमुळे माणसं बोरिवलीला, कल्याणला, विरारला राहायला गेली आणि रोज मुंबईत कामाला येऊ लागली. तीच माणसं पुढे इतकी वाढली की १५०० व्होल्टच्या तारेला ती ओढवेनात.

आधी, वीज हवी कशाला होती? कारणं दोन, आणि दोन्ही एकमेकांपासून अगदी वेगळी. एक शहराचं. व्हीटी (पुढचं सीएसटी, आजचं सीएसएमटी) किंवा कुलाबा ही टोकाची स्थानकं. वाफेची गाडी आली की इंजिन अडकतं, दुसरं इंजिन दुसऱ्या टोकाला लावावं लागतं, पहिल्याला पाणी-कोळसा द्यायचा, वळवायचं. फलाट तेवढा वेळ अडून राहतो. विजेच्या गाडीत मोटरमन एका केबिनमधून उतरतो, फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो आणि गाडी निघते. शिवाय थांबा दर एक-दोन किलोमीटरवर. थांबून पुन्हा झटकन वेग घेणं हे वाफेच्या इंजिनाचं काम नव्हे.

दुसरं कारण घाटाचं. कर्जत ते लोणावळा बोरघाट आणि कसारा ते इगतपुरी थळघाट, दोन्हीकडे चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. वाफेच्या काळात त्या बोगद्यांत धूर, खाली घसरणारी चाकं, आणि बोरघाटात तर गाडी उलट दिशेला घेऊन पुढे काढायचं रिव्हर्सिंग स्टेशन. मुंबई बंदराचा सगळा माल या दोन अरुंद वाटांनी वर जात होता.

म्हणून कल्पना जुनी आहे. मुंबई इलाख्याचे मुख्य अभियंता डब्ल्यू. एच. व्हाइट यांनी जीआयपी (आजची मध्य रेल्वे) आणि बीबीसीआय (आजची पश्चिम रेल्वे) या दोन्ही रेल्वेंच्या विद्युतीकरणाचा प्रस्ताव १९०४ मध्येच मांडला होता. मध्ये पहिलं महायुद्ध गेलं. अखेर ३ फेब्रुवारी १९२५ ला गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते चार डब्यांची पहिली विजेची गाडी व्हीटीहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. देशातली ती पहिली विजेची रेल्वेगाडी.

आता १५०० व्होल्ट डीसीच का? इथे थोडं थांबतो, कारण आजच्या विद्यार्थ्याला हे उलटं वाटतं. पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं की लांब अंतराला एसी बरी, उच्च दाब बरा. खरं आहे. पण गाडी ओढायला तेव्हा सर्वांत चांगली मोटार होती डीसी सीरीज मोटार. उभ्या गाडीला हलवताना ती भरपूर जोर देते, वेग वाढला की आपोआप जोर कमी करते, आणि मार सहन करते. एसीतून डीसी करायचं यंत्र तेव्हा गाडीत मावत नव्हतं. सिलिकॉन डायोड यायला अजून तीस वर्षं होती. रोटरी कन्व्हर्टर म्हणजे खोलीभर फिरणारं लोखंड, आणि मर्क्युरी आर्क रेक्टिफायर म्हणजे पारा भरलेलं नाजूक भांडं. दोन्ही जमिनीवर, सबस्टेशनातच बसणार. म्हणून जड, महाग यंत्र जमिनीवर ठेवायचं, तिथे डीसी करायची आणि तयार डीसी तारेतून गाडीला द्यायची, हा त्या काळचा शहाणा हिशेब होता. ब्रिटनमध्ये १९२१ च्या समितीने याच १५०० व्होल्टची शिफारस केली होती. ५० हर्ट्झची साधी औद्योगिक एसी थेट गाडीला द्यायचा प्रयत्न हंगेरीत कांडो यांनी १९३० च्या दशकात मोठ्या मार्गावर केला आणि फ्रेंचांनी तो १९५० नंतर पक्का केला. १९२५ मध्ये मुंबईत कोणी २५ हजार व्होल्ट मागितले असते, तर ते बनवून देणारं कोणीच नव्हतं.

आणखी एक गोष्ट मुंबईला अनुकूल होती, ती म्हणजे सह्याद्रीचं पाणी. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. शहराच्या उशाशी इतकी वीज तयार होत असलेलं दुसरं बंदर देशात नव्हतं. जीआयपीने शिवाय ठाकुर्लीला स्वतःचं कोळशावरचं वीजघर उभारलं. चोळा पॉवर हाउस म्हणून जुने रेल्वेवाले अजून ज्याचं नाव काढतात ते हेच.

पुढचा विस्तार भराभर झाला. बीबीसीआयने ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा-बोरिवली विजेवर आणली. जीआयपीची तार १९२९ मध्ये पुण्याला पोचली, १९३० पर्यंत इगतपुरीला. त्याच सुमारास बोरघाटातला रिव्हर्सिंगचा खटाटोप टाळणारा नवा मार्ग झाला. १ जून १९३० ला दख्खनची राणी धावू लागली. १९३६ मध्ये तार विरारला गेली. स्वातंत्र्याच्या दिवशी सगळ्या देशात विद्युतीकृत मार्ग होता ३८८ किलोमीटर. त्यातला मद्रासच्या मीटरगेज उपनगरी मार्गाचा छोटा तुकडा सोडला तर बाकी सगळा मुंबईचा.

इंजिनांबद्दल एवढंच की मालगाड्यांसाठी आलेलं पहिलं इंजिन, पुढे ज्याला डब्ल्यूसीजी-१ नाव पडलं, ते स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये मिळून ४१ नग बनलं. मध्ये केबिन, पुढे-मागे लांब नाकं, बाजूला जोडदांडे. आमच्याकडे त्याला खेकडा म्हणत. काही खेकडे साठ वर्षांच्या आसपास राबले, शेवटी यार्डात शंटिंग करत. आणि चित्तरंजनच्या कारखान्याने १९६१ मध्ये देशात बांधलेलं पहिलं विजेचं इंजिन, ‘लोकमान्य’, तेही मुंबईच्या १५०० व्होल्ट डीसीसाठीच होतं. याचा आम्हाला अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो.

घाटातलं काम हे डीसीचं खरं वैभव. कर्जतला गाडी थांबली की मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागायचे, अनेकदा तीन-तीन. पुढचं इंजिन ओढतं, मागचे ढकलतात, आणि शिट्टीच्या खुणांवर चौघं मिळून नॉच, म्हणजे जोराची पुढची पायरी, घेतात. लोणावळ्याला बँकर सुटले की पुन्हा खाली. उतरताना इंजिनाच्या मोटारींना जनित्रासारखं चालवून वीज तारेत परत द्यायची सोय जुन्या मालवाहू इंजिनांत होती. म्हणजे उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात देत असे. ऐकायला सुंदर, पण त्यात एक अट आहे. ती परतलेली वीज खाणारी दुसरी गाडी त्याच वेळी जवळपास असली पाहिजे. रोटरी कन्व्हर्टर उलटा चालू शकतो, वीज मागे वीज कंपनीकडे ढकलू शकतो. सबस्टेशनात डायोडचे रेक्टिफायर आले आणि तो रस्ता बंद झाला. डायोड एकाच दिशेने वीज सोडतो. सुधारणा म्हणून बसवलेलं यंत्र एखादी जुनी सोय काढून घेतं, त्याचं हे चांगलं उदाहरण. परीक्षेत विचारतील.

वळण आलं १९५७ ला. रेल्वेने फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने ठरवलं की यापुढे देशभर २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्झ एसी. आता लक्ष द्या. कलकत्त्याने त्याच सुमारास हावड्याहून ३००० व्होल्ट डीसी सुरू केली होती. तिचं काही वर्षांतच एसीत रूपांतर झालं, १९६० चं दशक संपायच्या आत. मद्रासची १५०० व्होल्ट डीसीही तेव्हाच बदलली. मग मुंबई का नाही? कारण तिकडे मार्ग छोटा किंवा नवा होता, गाड्या मोजक्या होत्या. मुंबईत चार-चार मार्गांवर पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत लोकल, दोन घाट, शेकडो डबे, इंजिनांची अख्खी वसाहत, कारशेडं, सबस्टेशनं. हे सगळं एकाच वेळी बदलल्याशिवाय बदलत नाही, आणि एकाच वेळी बदलायला शहर एक दिवसही थांबू शकत नाही. १९६० च्या दशकात मुंबईला हात न लावणं माझ्या मते बरोबर होतं.

पण त्यामुळे मुंबई बेट झाली. भोवताली एसी, मध्ये डीसी. इगतपुरीला प्रत्येक गाडीचं इंजिन बदलायचं. गाडी थांबते, एक इंजिन सुटतं, दुसरं लागतं, ब्रेकची तपासणी होते, वीसेक मिनिटं जातात. तिथल्या यार्डात काही तारा एसी-डीसी दोन्हीकडे फिरवता येत, आणि कोणत्या तारेवर या क्षणी काय आहे हे चुकलं तर इंजिन जळणार. पश्चिमेला विरारच्या पुढे तोच सांधा. मग दोन्हीवर चालणारी डब्ल्यूकॅम जातीची इंजिनं आली. ती कामाची होती, पण एका इंजिनात दोन इंजिनांचं सामान, जड आणि सांभाळायला कटकटीची. देशात दुसऱ्या कुणालाच लागत नाहीत अशी ही इंजिनं, फक्त आम्हाला लागत. सुट्या भागांचंही तसंच होत गेलं.

आणि तरी डीसी वाढतच होती. हार्बरची तार १९९२ मध्ये खाडी ओलांडून वाशीला गेली, १९९८ मध्ये पनवेलला, दोन्ही डीसीच. लोक विचारतात, एसी येणार हे दिसत असताना नवी डीसी का टाकली? ताफा डीसीचा होता, दुसरं काही टाकून तिथे धावणार काय?

आता गाभा. डीसीला नेमकं काय झेपेना? एक साधा हिशेब करा. गाडीला निघताना ३ मेगावॅट लागतात असं धरा. १५०० व्होल्टला ती २००० अँपिअर ओढते. २५ हजार व्होल्टला तीच गाडी १२० अँपिअर. तारेतली नासाडी अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच तारेत पावणेतीनशे पट. म्हणून डीसीची तार जाड तांब्याची, वर जादा फीडर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या जोडतारा, आणि तरीही सबस्टेशन दर काही किलोमीटरवर. एसीत ते तीस-चाळीस किलोमीटरवर चालतं. १९२५ ला गाडी चार डब्यांची होती. मग आठ, मग नऊ, मग बारा. गाड्यांमधलं अंतर तीन-चार मिनिटांवर आलं. दाब घसरायला लागला की मोटारींना पुरेसा जोर मिळत नाही, गाडी वेग उशिरा घेते, मागची गाडी पिवळ्या सिग्नलवर अडकते, आणि ती निघताना पुन्हा तेवढेच अँपिअर मागते. संध्याकाळच्या गर्दीत व्होल्टमीटरचा काटा खाली बसलेला पाहणं हे आमचं रोजचं होतं. उपाय एकच, आणखी सबस्टेशन. पण परळ-दादरमध्ये रुळाशेजारी सबस्टेशनला जागा कुठून आणणार?

याहून बिकट गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ती ब्रेकरची. तार तुटून रुळावर पडली तर सबस्टेशनच्या ब्रेकरने तत्काळ वीज तोडली पाहिजे. ब्रेकरला कळतं फक्त किती अँपिअर जाताहेत ते. तार सबस्टेशनजवळ तुटली तर प्रचंड प्रवाह जातो, ब्रेकर उडतो, प्रश्न नाही. पण ती लांब, दोन सबस्टेशनांच्या मधोमध तुटली, तर मधल्या तारेचा आणि रुळांचा विरोध आड येतो आणि दोषाचा प्रवाह कमी होतो. इतका कमी, की बारा डब्यांच्या दोन गाड्या एकदम सुटल्या तरी तेवढाच प्रवाह दिसतो. आता ब्रेकर कितीवर लावायचा? खाली लावला तर गर्दीच्या वेळी विनाकारण उडणार आणि लोकल उभ्या राहणार. वर लावला तर तुटलेली तार जिवंत राहून माणूस मरू शकतो. प्रवाह किती वेगाने चढतो ते पाहणारे रिले आले, त्यांनी बरंच सावरलं. पण गाड्या जसजशा जड झाल्या तसतशी ही मधली फट अरुंद होत गेली. त्यात डीसीचा आर्क विझायला कठीण. एसी दर सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते, डीसी कधीच जात नाही. ब्रेकरला तो आर्क ओढून, ताणून, थंड करून तोडावा लागतो. प्रत्येक उडण्याला संपर्क जळतात. डीसी मोडीत काढण्याच्या बाजूने मला विचाराल तर तांब्याच्या आणि विजेच्या खर्चाआधी मी हे कारण सांगेन.

रूपांतर कसं झालं, हेही ऐका. लोकांना वाटतं तारेत दुसरी वीज सोडली की झालं. तसं नसतं. पहिली अट गाड्यांची. मार्ग बदलायच्या आधी त्यावरची प्रत्येक गाडी दोन्हीवर चालणारी हवी. म्हणून २००७ च्या अखेरीपासून सीमेन्सच्या यंत्रणेचे एसी-डीसी रेक, म्हणजे डब्यांचे अख्खे संच, येऊ लागले, जुन्यांपैकी काहींत बदल झाले. ब्रेक लावताना वीज परत देणाऱ्या या गाड्यांनी सुमारे ३० टक्के ऊर्जा वाचते. मग इन्सुलेटर, २५ हजार व्होल्टला साजेसे, सगळे नवे. मग सिग्नल. डीसीत परतीचा प्रवाह रुळांतून जातो, म्हणून रुळांवर गाडी आहे की नाही ओळखणारी ट्रॅक सर्किटं एसीवर चालवायची. तारेत एसी आली की तीच सर्किटं गोंधळणार, म्हणून तीही बदला. रुळालगतच्या टेलिफोन-सिग्नलच्या केबलांत एसीमुळे वीज उतरते, त्या झाकलेल्या हव्यात. फलाटाचं छप्पर, पादचारी पूल, कुंपण, सगळं धातूचं अर्थिंग करा.

आणि पूल. २५ हजार व्होल्टच्या तारेला वर-खाली जास्त मोकळी जागा लागते, आणि दक्षिण मुंबईतले रस्त्याचे पूल वाफेच्या काळात बांधलेले. कुठे रूळ खाली घेतले, कुठे वेगावर बंधन घातलं. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल १९ व्या शतकातला, तो जानेवारी २०१६ मध्ये मोठा ब्लॉक घेऊन पाडावा लागला. टपावर बसून जाणाऱ्या मुलांची आम्हाला सगळ्यात भीती होती. डीसीतही तार मारतेच. पण २५ हजार व्होल्टला हात लावायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. आम्ही गाड्यांवर, फलाटांवर, शाळांत जाऊन हे सांगितलं. सगळ्यांना पटलं नाही, आणि काही मुलं गेली. ते आजही मनात आहे.

काम बाहेरून आत आलं. २००६ मध्ये इगतपुरीची बाजू, २०१० मध्ये पुण्याची, म्हणजे दोन्ही घाट. पश्चिम रेल्वेचा मार्ग चर्चगेटपर्यंत फेब्रुवारी २०१२ मध्ये पूर्ण झाला. मध्य रेल्वेवर कल्याण ते लोकमान्य टिळक टर्मिनस जानेवारी २०१४, सीएसटीपर्यंत जून २०१५. हार्बर शेवटी राहिली, कारण उरलेले निव्वळ डीसीचे रेक तिकडेच गोळा झाले होते. शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला गेली. पहिली विजेची गाडी ज्या दोन स्थानकांच्या मध्ये धावली होती, तीच ही दोन स्थानकं. फलाटावर जुने मोटरमन आले होते. सुटताना कॅमशाफ्टची, म्हणजे मोटारींची जोडणी पायरीपायरीने बदलणाऱ्या फिरत्या दांड्याची, खटखट, मग मोटारीचा चढत जाणारा तो ओळखीचा सूर. नव्या गाड्यांचा सूर वेगळा आहे.

उशीर झाला का? हो, माझं मत तसं आहे. १९६० च्या दशकात थांबणं योग्य, पण १९८० च्या दशकात बारा डब्यांची गाडी आली तेव्हाच आकडे बोलत होते. तेव्हापासून घेतलेला प्रत्येक नवा रेक दोन्हीवर चालणारा घेतला असता, तर दहा-पंधरा वर्षं आधी सुटलो असतो. तेव्हा तसे रेक महाग पडत, हे मला ठाऊक आहे. तरीही. दरम्यानच्या काळात डीसी सबस्टेशनांवर, तांब्यावर आणि जोडइंजिनांवर जो खर्च झाला तो परत काही मिळाला नाही.

आणि १५०० व्होल्ट म्हणजे टाकाऊ असं समजू नका. हॉलंडचं जवळजवळ सगळं जाळं आणि फ्रान्सचा मोठा भाग आजही त्यावर धावतो. तिथे बारा डब्यांत चार-पाच हजार माणसं कोंबून दर तीन मिनिटांनी गाडी सोडावी लागत नाही.

बघायचं असेल तर वरळीला नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक खेकडा उभा आहे. गेलात तर नुसता फोटो काढून परतू नका, वाकून चाकांकडे बघा. मोटारी चाकांच्या आसावर नाहीत, वर चौकटीत बसवल्या आहेत, आणि जोर गिअरमधून खालच्या दांड्यांना जातो. एवढ्या मोठ्या मोटारी तेव्हा चाकांच्या मध्ये मावत नव्हत्या. आधी हे समजून घ्या, मग त्याच्यानंतरच्या डब्ल्यूसीजी-२ इंजिनाचं चित्र शोधून त्याच्या बोगीशी ताडून बघा. चाळीस वर्षांत मोटार किती लहान झाली ते लगेच दिसेल.